विमानातलं वायफाय: छतातला डबा वेगळा, पाठीवरचा उंचवटा वेगळा

रेडिओवेडा (धागाकर्ता)

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीला नाहीतर बेंगळुरूला निघालेल्या विमानात हल्ली बऱ्याचदा फोनवर वायफायचं नाव झळकतं. माणूस हौसेने जोडतो, रेंज फुल दिसते, पण ना मेल उघडत ना व्हॉट्सअ‍ॅप. मग शेजारच्याला सांगितलं जातं, "यांचं वायफाय अगदी टाकाऊ आहे." विमानात बसवायच्या रेडिओ उपकरणांच्या चाचण्या घेण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की राहवत नाही. त्या वायफायचा बहुतेक वेळा काही दोष नसतो. ते आपलं काम चोख करत असतं. अडतं ते त्याच्या पुढे.

विमानात दोन निरनिराळ्या यंत्रणा असतात. एक, केबिनमधलं जाळं: छतातले वायफायच्या लहरी सोडणारे डबे, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, एक स्विच, एक सर्व्हर. दुसरी, विमानाला बाहेरच्या जगाशी जोडणारा दुवा: अँटेना, मोडेम, उपग्रह किंवा जमिनीवरचे मनोरे. पहिली आहे आणि दुसरी नाही, अशी कितीतरी विमानं आपल्याकडे उडतात. त्यांत सर्व्हरवर आधीच भरून ठेवलेले सिनेमे आणि गाणी तुमच्या फोनवर येतात, बस्स. वायफाय आहे, इंटरनेट नाही. तिकीट काढताना कंपनीच्या साइटवर 'वायरलेस एंटरटेनमेंट' लिहिलंय की 'इंटरनेट' लिहिलंय ते बघा, निम्मा वैताग तिथेच वाचेल.

आधी केबिनबद्दल, कारण तो भाग मी हाताळलेला आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट छताच्या पॅनेलच्या वर असतात, दिसत नाहीत. ए३२० सारख्या एका मार्गिकेच्या विमानात दोन-तीन, दोन मार्गिकांच्या मोठ्या विमानात पाच-सहा किंवा जास्त. रेडिओ म्हणून बघाल तर घरातल्या राउटरचेच भाऊबंद, तेच २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पण डबा हातात घेतला की फरक कळतो. अंगाला अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या, कारण आतली उष्णता अंगावाटेच बाहेर टाकायची. प्लास्टिकच्या सॉकेटऐवजी गोल, धातूचा, फिरवून घट्ट बसणारा कनेक्टर. वीज ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. आपल्या घरातल्या ५० हर्ट्झच्या आठपट वारंवारता, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लहान आणि हलका होतो. विमानात प्रत्येक किलोसाठी इंधन जळतं, म्हणून ही पद्धत पडली.

हा डबा विमानात चढण्याआधी डीओ-१६० नावाच्या मानकातून जातो. कंपनाच्या टेबलावर तासन्‌तास थरथरवतात, थंडपेटीत गोठवतात, विजेचे झटके देतात. त्यातलं विसावं आणि एकविसावं प्रकरण रेडिओवाल्यांचं. विसाव्यात डबा दुसऱ्यांच्या लहरींचा मारा झेलून नीट चालतो का ते बघतात, एकविसाव्यात तो स्वतः नको तिथे लहरी सोडतो का ते. एकविसाव्याची खोली डोळ्यांसमोर आणा: चारही भिंती पत्र्याच्या, त्यांवर फेसाचे काळे सुळके, मध्ये धातूच्या पत्र्याने मढवलेलं टेबल, त्यावर डबा, आणि एक मीटरवर अँटेना. बाहेर पडद्यावर एक रेघ सरकत जाते. १०८ ते ११२ मेगाहर्ट्झला धावपट्टीची मधली रेषा दाखवणारा लोकलायझर, ११८ ते १३७ ला वैमानिकांचं बोलणं, ३३० च्या आसपास उतरण्याचा कोन दाखवणारा ग्लाइड स्लोप, १५७५ ला जीपीएस. या जागांवर रेघेने मान वर काढली की डबा नापास. मग तो उघडून कुठली वायर, कुठला घड्याळाचा स्फटिक गळतोय ते शोधत बसायचं. घरचा राउटर विमानात का चालत नाही, याचं खरं उत्तर त्या खोलीत आहे.

आता बाहेरचा दुवा. याच्या दोन तऱ्हा.

एक, जमिनीवरचे मनोरे, ज्यांच्या अँटेना आभाळाकडे रोखलेल्या असतात. विमानाची अँटेना पोटाखाली. अमेरिकेत गोगो कंपनीने २००८ साली अशी सेवा सुरू केली तेव्हा वेग होता जास्तीत जास्त ३.१ मेगाबिट, आणि तोही अख्ख्या विमानाला मिळून. युरोपात इन्मारसॅट आणि डॉइच टेलिकॉमने सुमारे ३०० मनोऱ्यांचं जाळं याच कामासाठी उभारलं. जमिनीवरचा मोबाइल मनोरा काही किलोमीटरपर्यंत पोचतो; यांना शंभर-दीडशे किलोमीटर गाठता येतात, कारण वर आडवं येणारं काही नसतं. समुद्रावर अर्थातच ही तऱ्हा संपली.

दुसरी, उपग्रह. विमानाच्या पाठीवर जो उंचवटा दिसतो तो रेडोम. लहरी आरपार जाऊ देणारं कवच, वर विजेला वाट काढून देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, आणि पक्षी आदळला तरी टिकेल अशी बांधणी. आत अँटेना. विमान ताशी साडेआठशे किलोमीटरने चाललंय, वळतंय, झुकतंय, आणि अँटेनाने मात्र ३५,७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहावरची नजर हलवायची नाही. त्यासाठी तिला विमानाच्या जडत्वीय यंत्रणेकडून सतत कळत असतं की आपण कुठे आहोत, नाक कुठे आहे, पंख किती कललेत. जुन्या अँटेना मोटरने फिरतात. नव्या सपाट असतात, हलत नाहीत. शेकडो बारक्या घटकांच्या लहरी मागेपुढे करून झोत वळवतात. मला ही नवी तऱ्हा विलक्षण सुंदर वाटते. इतक्या कंपनात आणि थंडीत काम करायचं, आणि एकही फिरता भाग नाही!

लहरी केयू किंवा केए पट्ट्यातल्या, म्हणजे साधारण १२ ते ४० गिगाहर्ट्झमधल्या. पट्टा जितका वरचा तितकी क्षमता जास्त, पण पावसाने तितकीच मार खाणारी. विमान ढगांच्या वर असतं म्हणून हा त्रास मुख्यतः जमिनीवरच्या केंद्राला सोसावा लागतो.

आणि ही क्षमता सगळ्यांत वाटली जाते, तुमच्याच विमानात नव्हे तर उपग्रहाच्या त्याच झोताखाली उडणाऱ्या सगळ्या विमानांत. सोसायटीत नळ नवेकोरे बसवले पण टाकीत टँकर एकच पडला, तर नळाला दोष देऊन काय उपयोग? विमानातल्या वायफायचं नेमकं हेच होतं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.

सदाशिवपेठी

अतिशय माहितीपूर्ण धागा. ४०० हर्ट्झचं माहीत नव्हतं.

एक शंका. वायफाय जर इतकं तपासून बसवतात, तर फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आग्रह कशाला? वायफायही रेडिओच, मोबाइलही रेडिओच.

रेडिओवेडा

@सदाशिवपेठी, फरक ताकदीत आणि वागण्यात आहे. वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट तुमच्यापासून चार-पाच मीटरवर, त्यामुळे फोन हळू आवाजात बोलतो. मोबाइलचा रेडिओ मात्र मनोरा शोधत असतो, आणि मनोरा सापडला नाही की ताकद वाढवत नेतो. जुन्या २जी फोनची कमाल ताकद दोन वॅट होती, ४जीची त्याच्या दहाव्या भागाइतकी. दोन वॅटचा फोन रेडिओजवळ ठेवला की 'टर्र टर्र टर्र' आवाज यायचा, आठवतंय? सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होणाऱ्या लहरींचा तो आवाज. वैमानिकांच्या हेडफोनमध्येही तोच येतो, आणि येतो तो नेमका उतरताना, नियंत्रण कक्षाचं बोलणं ऐकायच्या वेळी.

दुसरी बाजू जमिनीवरच्या जाळ्याची. खाली असताना तुमचा फोन दोन-तीन मनोऱ्यांना दिसतो. वर गेलात की एकदम डझनावारी मनोऱ्यांना दिसतो आणि सगळीकडे गोंगाट करतो. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, १९९१ मध्ये विमानात मोबाइलला बंदी घातली ती याच कारणाने.

काही विमानकंपन्या मोबाइललाही परवानगी देतात, पण तिथे विमानातच एक चिमुकला मनोरा असतो, पिकोसेल. तो इतका जवळ असल्यामुळे फोनला सांगतो, "अगदी हळू बोल." फोन एक मिलिवॅटवर येतो. एमिरेट्सने मार्च २००८ मध्ये या पद्धतीने फोनवर बोलायची सोय सुरू केली होती.

हिंजवडी_फेज३

काका, माझा प्रश्न आमच्या जमातीचा आहे. परदेशी जाताना पैसे मोजून नेट घेतो. यूट्यूबचा छोटा व्हिडिओ चालतो, पण ऑफिसचं व्हीपीएन (सगळी ये-जा ऑफिसपर्यंतच्या बंद बोगद्यातून नेणारं) लावलं की सगळं ठप्प. मीटिंगला जॉइन होणं तर सोडाच, कामांची नोंद ठेवायचं साधं 'जिरा' सॉफ्टवेअर उघडत नाही. आयटीवाले म्हणतात विमानकंपनी व्हीपीएन अडवते. खरंय का?

रेडिओवेडा

@हिंजवडी_फेज३, क्वचित अडवतातही, पण बहुतेक वेळा गोष्ट निराळी असते. जरा विस्ताराने सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

भूस्थिर उपग्रहापर्यंत (तोच ३५,७८६ किलोमीटरवरचा, आकाशात एकाच जागी दिसणारा) जाऊन खाली यायला लहरीला सुमारे पाव सेकंद लागतो. उत्तर परत यायला आणखी तेवढाच. मोडेमची प्रक्रिया आणि रांगेतला वेळ धरला की एका फेरीला ०.६ सेकंद धरून चला. वेग नव्हे, विलंब. उपग्रहाचा दुवा कितीही रुंद करा, प्रकाशाला घाई करता येत नाही.

इंटरनेटवर माल पाठवायची जी पद्धत, टीसीपी, तिचा नियम असा: पाठवलेल्या मालाची पोच येईपर्यंत ठरावीक मर्यादेच्या पुढे माल सोडायचा नाही. मूळची मर्यादा ६४ किलोबाइट. आता दर ०.६ सेकंदाला ६४ किलोबाइट म्हणजे सेकंदाला जेमतेम ०.८७ मेगाबिट. दुवा शंभर मेगाबिटचा असला तरी तुम्हाला मिळणार ०.८७! आजच्या मशिनी ही मर्यादा वाढवून घेतात, पण पायरी-पायरीने. पहिल्या फेरीत साधारण १४ किलोबाइट, मग २८, मग ५६. एक मेगाबाइटचं पान यायला सात फेऱ्या. त्याआधी पत्ता विचारायला एक, ओळख करून घ्यायला एक, कुलूप-किल्ली ठरवायला एक. दहा फेऱ्या, सहा सेकंद, तेही दुव्यावर दुसरं कुणी नसताना.

यावर उपग्रहवाल्यांनी तोड काढली. विमानातली पेटी तुमच्या मशिनला लगेच खोटी पोच देते: "मिळालं, पुढचं पाठव." आणि प्रत्यक्ष माल उपग्रहावरून आपल्या पद्धतीने, न थांबता पलीकडे पोचवते. पलीकडे जमिनीवरचं केंद्र तसंच करतं. त्यामुळे साधं ब्राउझिंग सुसह्य होतं.

व्हीपीएन लावलं की ही तोड संपली. सगळं एका बंद पाकिटात जातं, आतली पोच पेटीला दिसतच नाही, मग ती खोटी कशी देणार? अडवलंय कुणी नाही, मदत बंद झाली आहे. म्हणून आयटीवाल्यांना विचारा की मेल आणि जिरा बोगद्याबाहेरून, थेट एचटीटीपीएसवर (वेबसाइटच्या नेहमीच्या कुलूपबंद जोडणीवर) चालवता येतील का. बऱ्याच ठिकाणी धोरण परवानगी देतं. मेल ऑफलाइन लिहून ठेवा. मीटिंगचं म्हणाल तर बऱ्याच सेवा आवाजी कॉल मुद्दामच बंद ठेवतात, शेजारच्यांची झोप म्हणून.

खालच्या कक्षेतल्या उपग्रहांमुळे चित्र बदलतंय. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, म्हणजे अंतर साठेक पटीने कमी. कतार एअरवेजने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या बोइंग ७७७ वर ही सेवा सुरू केली. तिथे व्हीपीएन चालतं, कारण खोट्या पोचेची गरजच उरत नाही. त्याची किंमत अँटेना चुकवते: उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, दुसरा पकडावा लागतो. मोटरने फिरणारी अँटेना इथे पुरी पडत नाही, सपाटच हवी.

हिंजवडी_फेज३

__/\__ काका, ०.८७ चं गणित आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकलं. बोगद्याबाहेरून चालवायची विनंती आयटीकडे आजच टाकतो.

जुन्नरकर

धागा वाचून आर्वीची आठवण झाली. नारायणगावजवळ आर्वीला विक्रम भूउपग्रह केंद्र आहे, देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह केंद्र, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. तिथली तबकडी जवळजवळ ३० मीटर व्यासाची. लहानपणी एसटीतून जाताना ती दिसली की आम्ही पोरं खिडकीला चिकटायचो. परदेशी ट्रंक कॉल तिथून जायचे. आज तेच काम विमानाच्या पाठीवरची हातभर अँटेना करते म्हणता, हे पचायला जड जातं. हे जमलं कसं?

आणि दुसरं, आमच्या खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटरच्या ३० रेडिओ दुर्बिणी. तिथे जवळपास मोबाइल वापरू नका म्हणतात. वरून जाणाऱ्या विमानातल्या वायफायचा त्यांना त्रास होत नाही का?

रेडिओवेडा

@जुन्नरकर, आर्वीचं नाव काढलंत, फार बरं वाटलं. पुणे जिल्ह्यात उपग्रह संपर्काचा इतका मोठा टप्पा गाठला गेला आणि पुण्यातल्याच इंजिनिअरिंगच्या पोरांना तो माहीत नसतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

जमलं असं की ताकदीचा भार जमिनीवरून वर गेला. तेव्हाचे उपग्रह थोडक्या वॅटमध्ये अर्ध्या पृथ्वीवर कुजबुजायचे, ती कुजबुज ऐकायला ३० मीटरचा कान लागायचा. आताचे उपग्रह ताकद मूठभर प्रदेशावर एकवटतात. इस्रोचा जीसॅट-एन२ घ्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये फाल्कन ९ रॉकेटवरून गेला. केए पट्टा, भारतावर ३२ झोत, एकूण ४८ गिगाबिट. विमानातलं इंटरनेट हा त्याच्या उद्दिष्टांतला एक भाग आहे. झोत अरुंद म्हणून खालची अँटेना लहान चालते. शिवाय वारंवारता वाढली की तेवढ्याच आकाराची अँटेना जास्त टोकदार होते.

आपल्या अक्षांशाचा एक फायदाही आहे. पुण्यातून थेट दक्षिणेला असलेला भूस्थिर उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६८ अंश वर दिसतो, जवळजवळ डोक्यावर. विमानाचं शेपूट आड येत नाही. उत्तर ध्रुवाकडून जाणाऱ्या विमानांना तोच उपग्रह क्षितिजाला टेकलेला दिसतो, आणि आणखी वर गेलं की दिसतच नाही. अमेरिकेच्या प्रवासात नेट मध्येच तास-दोन तास जातं ते बऱ्याचदा यामुळे.

तोटाही सांगतो. विषुववृत्ताजवळ रुंद पण बुटक्या अँटेनाची पंचाईत होते. तिचा झोत एका दिशेने अरुंद आणि दुसऱ्या दिशेने फैलावलेला. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ओळीने बसलेले. विमान अशा ठिकाणी असलं की तो फैलाव नेमका या ओळीवर आडवा पडतो, आणि शेजारच्या उपग्रहांना त्रास नको म्हणून पाठवण्याची ताकद कमी करावी लागते. फोटो डाउनलोड होतो पण अपलोड होत नाही, त्यामागे हेही एक कारण असतं.

खोडदबद्दल: जीएमआरटी साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये ऐकते. केबिनचं वायफाय २४०० पासून पुढे, उपग्रहाचा दुवा त्याहून कितीतरी वर, त्यामुळे ती भीती नाही. त्रास होतो तो विमानाच्या इतर रेडिओंचा. अंतर मोजणारं डीएमई ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झवर चालतं, ते थेट त्यांच्या पट्ट्यात येतं. पण ते उड्डाणाच्या सुरक्षेसाठी आहे, बंद करता येत नाही. खगोलशास्त्रज्ञ ते नंतर आकडेमोडीत वेगळं काढतात.

विमाननगरवासी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय की ५जी मनोऱ्यामुळे विमानं पडतील. म्हणून आमच्याकडे ५जीची रेंज कमी, असंही लोक म्हणतात. यात तथ्य किती?

रेडिओवेडा

@विमाननगरवासी, मेसेज चुकीचा, पण त्याचं मूळ खरं.

विमानाच्या पोटाखाली रेडिओ अल्टिमीटर असतो. जमिनीकडे लहर सोडतो, परत आलेली ऐकतो, आणि शेवटच्या अडीच हजार फुटांत नेमकी उंची सांगतो. स्वयंचलित उतरणं आणि जमीन जवळ आल्याचा इशारा त्यावर अवलंबून. तो ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतो. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये ५जी ३.९८ पर्यंत येणार म्हणून मोठा वाद झाला होता, कारण मध्ये फक्त २२० मेगाहर्ट्झ मोकळे राहत होते आणि जुन्या अल्टिमीटरची नको त्या लहरी गाळणारी चाळणी ढिली होती. आपल्याकडे तो पट्टा ३.३ ते ३.६७, म्हणजे ५३० मेगाहर्ट्झ मोकळे. तरी दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपन्यांना कळवलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मधल्या रेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्यातले मनोरे नकोत, आणि त्याबाहेरही काही अंतर ताकद कमी ठेवा. तेव्हाच्या बातम्यांत पुण्याचंही नाव होतं. विमाननगर धावपट्टीला किती खेटून आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. तर रेंज कमी असण्यामागे हे कारण असू शकतं, आणि ते भीतीचं नाही, काळजी घेतल्याचं लक्षण आहे.

सदाशिवपेठी

मग केबिनच्या वायफायने कधी विमानाच्या यंत्रांना खरोखर त्रास दिलाय का? की सगळं प्रयोगशाळेपुरतं?

रेडिओवेडा

दिलाय, पण चाचणीत. बोइंग ७३७ वर वायफाय बसवताना मुद्दाम वाढीव ताकदीच्या लहरी सोडून बघितल्या, तेव्हा कॉकपिटमधले हनीवेलचे काही पडदे क्षणभर कोरे पडले. प्रवाशांसह उड्डाणात असं घडल्याची नोंद नव्हती. तरी अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाने, एफएएने, २०१४ मध्ये आदेश काढून ७३७ आणि ७७७ वरचे ते पडदे बदलायला लावले, त्यांच्या देशातली १३०० हून अधिक विमानं. काहींना हे अति वाटलं. मला अजिबात वाटत नाही. चाचणी याचसाठी असते.

म्हणूनच विमानकंपनीला वाटलं म्हणून उद्या पाठीवर उंचवटा चिकटवता येत नाही. विमानाच्या अंगाला भोक पाडायचं, वायरी न्यायच्या, वजन वाढणार, हवेचा प्रवाह बदलणार. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळं पूरक प्रमाणपत्र, एसटीसी, लागतं.

नेटवर्कवाली

माझं क्षेत्र नेटवर्क सुरक्षा, म्हणून थोडी भर घालते. "वायफायमधून विमान हॅक करता येईल का" हा प्रश्न येणारच.

विमानातलं जाळं तीन भागांत विभागतात. उड्डाण नियंत्रणाचं एक, विमानकंपनीच्या कामकाजाचं दुसरं, प्रवाशांचं तिसरं. तुमच्या समोरच्या पडद्यावर नकाशात विमान सरकताना दिसतं ते स्थान उड्डाणाच्या बाजूकडून प्रवाशांच्या बाजूला येतं. ती वायर बहुतेक वेळा एआरिंक ४२९ पद्धतीची, आणि त्या पद्धतीत एका जोडीवर बोलणारा एकच, बाकीचे फक्त ऐकणारे. म्हणजे उलट बोलायला वायरच नाही. सॉफ्टवेअरच्या भिंतीपेक्षा मला हा बंदोबस्त जास्त भरवशाचा वाटतो.

धोका असलाच तर तुमच्या लॅपटॉपला. विमानातलं वायफाय बहुधा बिनपासवर्डचं असतं, म्हणजे लहरी हवेत उघड्या. शेजारचा ऐकू शकतो. एचटीटीपीएसचं कुलूप असेल तर आतलं वाचता येत नाही, पण सर्टिफिकेटची तक्रार आली तर 'पुढे जा' दाबू नका. आणि जोडण्याआधी नेटवर्कचं नाव सीटपुढच्या कार्डाशी ताडून बघा.

रेडिओवेडा

@नेटवर्कवाली, उत्तम लिहिलंत. ४२९ चा मुद्दा धाग्यातच यायला हवा होता.

सायकलस्वार_कोथरूड

मलेशियाचं एमएच३७० विमान बेपत्ता झालं त्या वेळी "उपग्रहाशी हस्तांदोलन" असं सारखं वाचायचो. ते हेच यंत्र का?

रेडिओवेडा

@सायकलस्वार_कोथरूड, त्याच कुळातलं पण जुनं, खालच्या वारंवारतेच्या एल पट्ट्यातलं. ८ मार्च २०१४ ला त्या विमानाचे बाकी सगळे संपर्क गेले, तरी पाठीवरचं उपग्रह संपर्काचं यंत्र, सॅटकॉम, चालू होतं. बराच वेळ काही बोलणं झालं नाही की जमिनीवरचं केंद्र विचारायचं, "आहेस का?" आणि यंत्र उत्तर द्यायचं, "आहे." बस्स, एवढंच. त्या उत्तराला लागलेल्या वेळावरून उपग्रहापासूनचं अंतर निघालं, म्हणून नकाशावर कमानी काढता आल्या. पण उत्तरेची कमान की दक्षिणेची? विमानाचं यंत्र आपल्या वेगामुळे होणारा वारंवारतेतला फरक स्वतःच भरून काढतं, आणि तसं करताना उपग्रह जागीच स्थिर आहे असं धरतं. तो उपग्रह मात्र थोडा वर-खाली डुलत होता. त्यामुळे किंचित फरक शिल्लक राहिला, आणि तो दक्षिणेशी जुळला. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे.

पिंपळे_सौदागर

भारतात हे इतकं उशिरा का आलं? परदेशी विमानात बसलं की भारताच्या हद्दीत शिरताच नेट बंद व्हायचं, हे मी अनुभवलंय.

रेडिओवेडा

@पिंपळे_सौदागर, तंत्र होतं, नियम नव्हते. लुफ्थान्साने बोइंगच्या यंत्रणेवर मे २००४ मध्ये म्युनिक ते लॉस एंजेलिस इंटरनेट दिलं होतं (ती सेवा २००६ मध्ये बंद पडली, परवडली नाही). आपल्याकडे दूरसंचार नियामकाची, ट्रायची, शिफारस जानेवारी २०१८ मध्ये आली, नियम डिसेंबर २०१८ मध्ये. अट अशी की भारतीय हद्दीतली वाहतूक भारतातल्या भूकेंद्रातून जावी, म्हणजे कायद्याने गरज पडली तर तपासता येईल. आणि सेवा ३००० मीटरच्या वर, म्हणून लोहगावहून उडाल्यावर पहिली काही मिनिटं नेट लागत नाही. २०२० मध्ये विमान नियमांत बदल होऊन वैमानिकाला परवानगी देण्याचा अधिकार मिळाला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विस्तारा विमानकंपनीने दिल्ली-लंडनवर सेवा सुरू केली. देशांतर्गत मार्गांवर एअर इंडियाने १ जानेवारी २०२५ पासून काही विमानांत दिली: ए३५०, ७८७-९ आणि निवडक ए३२१निओ. पुण्याच्या फेऱ्यांवर बहुतेक ए३२० कुळातली विमानं येतात, तेव्हा नेट मिळेल की नाही हे त्या दिवशी कुठलं विमान आलं त्यावर ठरतं.

आईची_मुलगी

माझी आई पहिल्यांदाच एकटी अमेरिकेला निघाली आहे. तिला मध्येच "बरी आहे" एवढा मेसेज करता आला तरी पुरे. सगळं नेट विकत घ्यायला हवं का? आणि तिला काय शिकवून ठेवू?

रेडिओवेडा

@आईची_मुलगी, बऱ्याच कंपन्या फक्त मेसेजसाठी स्वस्त किंवा फुकट पर्याय देतात, मजकूर जातो, फोटो आणि कॉल जात नाहीत. एवढ्याने भागेल. तिकिटाच्या साइटवर तिच्या फ्लाइटसाठी आहे का ते बघा.

आईंना शिकवायचं असं: आधी फ्लाइट मोड, मग त्यातच वायफाय पुन्हा चालू. नेटवर्क निवडल्यावर पान आपोआप उघडलं नाही तर ब्राउझर उघडून सीटपुढच्या कार्डावर छापलेला पत्ता टाकायचा. बऱ्याच ठिकाणी नाव किंवा सीट नंबर विचारतात. फोनमधलं फोटोंचं बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट आधीच, घरूनच बंद करून द्या, नाहीतर सगळी मर्यादा तेच खातील. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक दिसली तर घाबरू नका म्हणावं. दुवा मध्येच तुटतो, परत लागला की मेसेज आपोआप जातो. आणि पैसे भरायची वेळ आलीच तर ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार, जो फ्लाइट मोडमध्ये बंद असेल, म्हणून पास घरूनच आधी काढून ठेवा.

आईची_मुलगी

ओटीपीचं लक्षातच आलं नसतं! आजच पास काढते. खूप आभार काका.